नर्मदा परिक्रमा: रोज २५ किमीचं माझं एक्सेल आणि प्रत्यक्षातले १६३ दिवस

नर्मदेची पायी प्रदक्षिणा म्हणजे परिक्रमा, तिला निघायच्या चार महिने आधीपासून मी एक्सेल घेऊन बसलो होतो. सवयच तशी, सगळी नोकरी स्टोअर्समध्ये गेली. अंतर कुणी २६०० किमी सांगतं कुणी ३५००, कुठल्या वाटेने गेलात त्यावर आहे, तर मी मधलं ३००० धरलं, रोजचे २५, म्हणजे १२० दिवस, कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलायची (म्हणजे सुरू करायची) आणि होळीला घरी. मेहुणा बरोबर येणार होता, त्याने फाईल बघितली आणि म्हणाला, "दाजी, यात रविवार कुठंय?" मी हसण्यावारी नेलं.

पहिला घोळ घरीच झाला. परिक्रमेत मैया, म्हणजे नर्मदा, कायम उजव्या हाताला ठेवायची आणि समुद्रापर्यंत तिला ओलांडायचं नाही, हे गुगल मॅपला कोण सांगणार. पायी जायचा रस्ता विचारला की तो सरळ जवळचा पूल शोधतो, मला मोरटक्क्याच्या पुलावरून पलीकडे बडवाहला नेऊन सोडलं! मग दक्षिण तटावरची गावं एकेक करून टाकत गेलो, मोरटक्का, टोकसर, बकावां, रावेरखेडी, आणि दोन गावांमधलं अंतर वेगळं काढलं. काम किचकट आहे, पण यातून गावांची नावं पाठ झाली आणि पुढे त्याचाच जास्त उपयोग झाला, किलोमीटरचा नाही.

कारण किलोमीटर नुसते दिसायला असतात. तिसऱ्या दिवशी २४ किमी झाले तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते, चांगला आश्रम होता, तिथले महाराज म्हणाले, "मूर्ति, आसन लगा लो." (परिक्रमावासीला तिकडे मूर्ति म्हणतात, आसन म्हणजे मुक्काम.) मला वाटलं अजून तीन तास उजेड आहे, पुढचा मुक्काम फाईलमध्ये फक्त आठ किमीवर दाखवतोय, उद्याचं ओझं कमी होईल. मेहुणा काही बोलला नाही, पण त्याने सॅक उचलताना जो श्वास सोडला तो मला आजही ऐकू येतो. किनाऱ्याची पायवाट शेतांतून, नाल्यांतून वळत जाते, त्या आठचे बारा झाले. वाटेत विचारलं तर एकजण तीन म्हणाला, अर्ध्या तासाने दुसरा पाच म्हणाला, तिसरा मोटरसायकलवर होता तो म्हणाला "बस आ ही गया". पोचलो तेव्हा आठ वाजलेले, टॉर्चची बॅटरी संपत आलेली, आणि सूर्यास्तानंतर चालायचं नाही हा नियम तिसऱ्याच दिवशी मोडलेला. सकाळी मोजा काढला तर टाचेला रुपयाएवढा फोड, मोज्याबरोबर त्याची अर्धी कातडी निघून आली. चार दिवस तिथेच बसलो. एका दिवसाचे जादा बारा किमी चार दिवसांना पडले.

त्या चार दिवसांत तिथे थांबलेल्या एका जुन्या परिक्रमावासीने मला कामाची गोष्ट शिकवली. म्हणाले, अंतर मोजू नका, आसनं मोजा. म्हणजे रात्री टेकायची जागा कुठे कुठे आहे ते दोन दिवस पुढचं विचारून ठेवायचं, आणि विचारायचं ते समोरून पायी येणाऱ्याला किंवा गुराख्याला, गाडीवाल्याला नाही, आणि "कितना किलोमीटर" नाही तर "पैदल कितना टाइम". तिथे भोजनप्रसादी तयार मिळते का सदाव्रत, म्हणजे कोरडा शिधा, तेही विचारायचं, कारण शिधा घेऊन स्वतः शिजवायचं असेल तर दोन तास आधी पोचायला लागतं. हे सगळं एक्सेलमध्ये कुठल्या कॉलममध्ये टाकणार? मी खिशात छोटी वही ठेवली आणि फाईल बंद केली. पहिले पंधरा दिवस १२ ते १५, मग हळूहळू १८ ते २०, दर सात-आठ दिवसांनी एक पूर्ण सुट्टी, असं बसत गेलं. (म्हणजे मेहुण्याचा रविवार.)

बडवानीच्या आसपास सरदार सरोवराचं पाणी मागे भरलेलं असतं, २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा पूर्ण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं तेव्हापासून तर जुन्या माहितीवर अजिबात जाऊ नका. एका नाल्यात असंच पाणी शिरलेलं, समोरच्या गावातली बाई भांडी घासत होती त्याचा आवाज येत होता, आणि तिच्या दारापर्यंत जायला आम्हाला दोन तास वळसा पडला. गेल्यावर तिने पहिल्यांदा पाणी दिलं आणि मग विचारलं, "उधर से क्यों आये?"

मोठा निर्णय शूलपाणीच्या झाडीचा, म्हणजे पुढच्या डोंगराळ जंगलाचा. एक वाट पाटी, बोकराटा करत सातपुड्यातून धडगाव, मोलगीकडे, दुसरी खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोद्याहून डांबरी. पूर्वी झाडीत लुटायचे, आता तशी भीती राहिली नाही असं सगळेच सांगत होते. आम्ही डोंगरातून गेलो आणि तिथे दिवसाला ११ ते १४ च्या वर होत नाही, चढ-उतारात गुडघे बोलायला लागतात. वेळ कमी असेल किंवा गुडघा आधीच दुखत असेल तर डांबरीने जा, कमीपणा मानू नका. सॅक मात्र दोन्हीकडे हलकी हवी, माझी ११ किलोची बडवानीत साडेसात केली, बाकीचं पोस्टाने घरी.

नर्मदेच्या मुखाशी समुद्रातून बोटीने उत्तर तटावर जायचं असतं, त्याला मी फाईलमध्ये एक दिवस दिला होता. विमलेश्वरला गेल्यावर नाव नोंदवायचं आणि बोट सुटेल तेव्हा जायचं, ती भरतीवर सुटते आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आम्हाला तीन दिवस लागले. मीठीतलाईला उतरलो की उत्तर तट, आता तोंड पूर्वेला. गुजरातचा पट्टा सपाट, सोयी भरपूर, तिथे आरामात २२-२३ व्हायचे, त्यावर जास्त लिहीत नाही. गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीपाशी मात्र दोन दिवस राहिलो, ते आधीपासून ठरलेलं होतं. नर्मदा जयंती म्हणजे माघ शुद्ध सप्तमी, त्या आठवड्यात चालायचा प्लॅनच करू नका, दर घाटावर भंडारा आणि प्रत्येकजण हाताला धरून बसवतो, आमचे त्या दिवशी चार किमी झाले.

अमरकंटकला, नर्मदेच्या उगमाशी, मार्चच्या मध्यात पोचलो, माई की बगियाला वळसा घातला आणि परत दक्षिण तट. इथे माझं गणित शेवटचं चुकलं. एप्रिलच्या उन्हाचा हिशेबच केला नव्हता. नर्मदापुरमच्या पुढे तर उजाडायला निघायचं, साडेनऊला थांबायचं, मग थेट संध्याकाळी पाचनंतर दीड तास, एवढ्यात जेमतेम १४ व्हायचे. हंडियानंतर इंदिरा सागर धरणाचं पाणी, २००४ मध्ये हरसूद गाव बुडालं तेच, त्यामुळे वाट किनारा सोडून आत वळते आणि कितीतरी दिवस मैया दिसत नाही, नुसता तापलेला रस्ता. तो भाग शक्य असेल तर थंडीत येईल असं बघा, त्यासाठी दुसरीकडून उचलायला लागली तरी चालेल, परिक्रमा ओंकारेश्वरहूनच सुरू करायला पाहिजे असं काही नाही.

१६३ व्या दिवशी ओंकारेश्वरला परत आलो. ओंकारेश्वराचं मंदिर नदीतल्या बेटावर आहे, परिक्रमेत असताना तिथे जाता येत नाही, सुरुवातीला घाटावरून नुसता हात जोडून निघालो होतो. पूजा आटोपली, बरोबर बाळगलेलं बाटलीतलं नर्मदेचं जल घेतलं आणि मेहुण्याला म्हटलं चल. तो पुलाच्या तोंडाशी थबकला, "दाजी, चालतंय ना आता?" म्हणाला, आणि मग आम्ही पलीकडे गेलो.