मला नाही पाठवलं

मंगळवार, रात्री

आमच्या डीजेवाल्या बारक्यानं जुन्या गाण्याचं नवीन रिमिक्स केलंय आणि मला पाठवलं नाही. इस्त्रीवाल्याला पाठवलं. तालमीच्या ग्रुपवर टाकलं. ह्यांच्या मोबाइलवरसुद्धा येऊन पडलंय, आणि ह्यांना गाण्यातलं कळतं ते एवढंच, की मी पेटी उघडली की टीव्हीचा आवाज वाढवायचा. मी आपली दूध आणायला खाली उतरले, तर तालमीसमोर टेम्पोत स्पीकरचे बॉक्स चढवून टेस्टिंग चाललेलं. तिथं ऐकलं. रस्त्यावर उभं राहून, चार लोकांत.

त्याचंच आहे हे टॅगवरून कळलं. ऐन अंतऱ्याच्या उठावणीला एक बाई साहेबी सुरात त्याचं नाव पुकारते. तो टॅग तिथून हलव म्हणून शंभरदा सांगून झालंय. हलवलेला नाही.

मला राग आलेला नाही. लिहून ठेवते, म्हणजे उद्या वाचताना पटेल.

पूर्वी तो स्वतः जिना चढून यायचा. ‘काकू, बेस कसा बसलाय सांगा की.’ मला तेव्हा बेसमधलं ओ की ठो कळत नव्हतं, मला पट्टी कळायची. त्याचं पहिलं गाणं ऐकून मी म्हटलं, बाई गातेय काळी चारमध्ये आणि तुझा सिंथेसायझर बसलाय पांढरी पाचमध्ये, अंगावर काटा आला रे. त्याला तो कौतुकाचा काटा वाटला. पुढं मी त्याला पट्टी शिकवली आणि त्यानं मला हर्ट्झ शिकवले. एफएल स्टुडिओ हे गाणी जुळवायचं सॉफ्टवेअर उघडून दाखवलं. ते बेल्जियमहून 1997 साली निघालं तेव्हा त्याचं नाव फ्रूटीलूप्स होतं म्हणे. तेच ठेवायला हवं होतं. गाण्यातून नुसता आवाज वेगळा कसा काढायचा तेही त्यानंच दाखवलं. 2019 मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीनं स्प्लीटर नावाचा प्रोग्रॅम सगळ्यांना फुकट खुला करून दिला आणि तेव्हापासून ही पोरं सुटलीच आहेत. पण जुन्या गाण्यात पेटी गळ्याला इतकी चिकटून वाजते, की आवाज सोडवून घेतला तरी पेटीचं भूत त्याच्याबरोबर येतंच. मग मी सांगायचं, ती बाई दीडशे हर्ट्झच्या खाली फारशी उतरत नाही, तिथली सगळी घरघर छाटून टाक, बेसला जागा होईल. त्यानं छाटली. बॉक्सवर खरंच मोकळं वाटलं होतं.

म्हणजे मी जे सांगते ते बरोबर असतं. तरी मला नाही पाठवलं.

गेल्या खेपेचं गाणं दादऱ्यातलं होतं. दादरा 6 मात्रांचा आणि यानं खाली 16 ठोक्यांचा तयार लूप घातलेला. या दोघांची सम भेटणार थेट 48 मात्रांनी. तोवर बाई एकीकडे, किक, म्हणजे खालचा ढोलासारखा ठोका, दुसरीकडे. त्यात ही जुनी गाणी काही क्लिकवर, म्हणजे यंत्राच्या ठेक्यावर, गायलेली नाहीत. तबलजी, पेटीवाला आणि गाणारी, सगळी एका खोलीत, एकमेकांकडे बघत वाजवायची. 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम 3 मिनिटं मावायची, त्यात गाणं आटपायचं. म्हणून की काय, शेवटाकडे लय चढत जाते. सॉफ्टवेअर सुरुवात मोजतं आणि मिनिटाला 96 ठोके सांगतं. बाई 98 वर गेली की मिनिटाभरात 2 ठोक्यांचा फरक. दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत तबला आणि किक भांडायला लागतात.

हे सगळं मी त्याला सविस्तर लिहिलं होतं. गाण्याचे तुकडे पाड, एकेक तुकडा ताणून ठोक्यांच्या ग्रिडवर बसव, लूप सहाचा घे, टॅग हलव. नीट परिच्छेद पाडून, शुद्धलेखन तपासून. माझ्यासाठी कुणी एवढं लिहिलं असतं तर मी फ्रेम करून भिंतीला लावलं असतं. त्याच्याकडून काय आलं? अंगठा. पिवळा अंगठा, आणि नंतर थेट आजचं हे टेम्पोतलं.

आणि मला गाणं शिकवणारे सर मला काय देतात? ‘हं.’

मी चाल लावतेय ते सरांना आवडतं का नाही, कळत नाही. मोठा अभंग घेतलाय. 6, 6, 6 आणि 4 अक्षरं. पहिले तीन चरण केरव्याच्या आठ मात्रांत सुखानं बसतात. चौथा आला की अक्षरं संपतात आणि मात्रा उरतात. त्या उरलेल्या मात्रांचं काय करायचं यात माझा श्रावण चाललाय. तिथं एक हरकत घातली. मग मुरकी. मग दोन्ही. सरांनी डोळे मिटून ऐकलं, पेटीचा भाता लावला आणि म्हणाले, ‘भरताय कशाला? वारकरी तिथं टाळ वाजवतात.’ झालं. पुढच्या मुलीला हाक.

येताना रिक्षात डोळ्यांत पाणी. या वयात हे कुणी सांगितलंय, सुरुवात करायला हवी होती तेव्हा नाही केली, आता कसली चाल आणि कसलं काय. आईच्या पेटीचं तर आज काढतच नाही. लेकीला फोन लावणार होते, पण तिकडे तेव्हा, जाऊ दे.

त्यानंतर सरांना ती चाल ऐकवली का? नाही. ऐकवणार आहे. अजून ऐकवण्याजोगी झाली नाही.

बारक्याला विचारलं तर तोही हेच सांगेल. मग इस्त्रीवाल्यासाठी बरी ऐकवण्याजोगी झाली! इस्त्रीवाला काय म्हणाला असेल तेही मला ठाऊक आहे. ‘नाद खुळा.’ बास. हर्ट्झ नाहीत, मात्रा नाहीत. आणि खरं सांगायचं तर मलाही कुणीतरी एकदा नाद खुळा म्हणावं. सरांनी म्हटलं तर चक्कर येऊन पडेन, पण म्हणावं.

हे घोरायला लागल्यावर ह्यांचा मोबाइल घेतला आणि हेडफोन लावले.

सुरुवातीला किक आहे, जोरकस, सहाला दोन. म्हणजे तेवढं ऐकलंन. मग अंतरा येतो आणि किक गायबच. नुसती हलगी. मला वाटलं लूप असेल. कान देऊन ऐकलं तर प्रत्येक ठोका निराळा पडतोय. बाई शब्दावर रेंगाळली की हलगी थांबते, ती पुढं सरकली की मागोमाग येते. म्हणजे यानं गाणं ताणलंच नाही. हलगीचा एकेक ठोका उचलून बाईच्या मागं नेऊन ठेवलाय. माझ्या पद्धतीनं दुपारभराचं काम होतं, याच्या पद्धतीला किती रात्री गेल्या असतील त्या त्याच्या आईलाच माहीत. एके ठिकाणी बाई श्वास घेते, तो जुन्या खरखरीतसुद्धा ऐकू येतो, आणि तिथं हलगीवाल्याची काडी नुसती घासून जाते. कडव्याच्या शेवटी दोन मात्रा काहीच नाही. हलगीच्या जोडीचं घुमकंही नाही. मग एकदम कैताळाची झांज, आणि त्यापाठोपाठ घराच्या काचा जातील असा बेस.

टॅग मात्र तिथंच. गाढव.

पुन्हा लावलं. खोट काढायलाच लावलं. 40 हर्ट्झच्या खाली अजून गढूळ आहे, आणि आवाज दाबून धरणारा लिमिटर इतका आवळलाय की हलगीची थाप बोथट लागते. दोन्ही लिहून काढलं. खोडलं. ‘अंतरा झकास’ एवढंच लिहिलं. तेही पाठवता येईना, कारण गाणं मला आलेलंच नाही, तर मी ऐकलं कुठून? नवऱ्याच्या मोबाइलमधून चोरून ऐकलं असं सांगू?

मग उलटं केलं. माझंच त्याला पाठवलं.

संध्याकाळी गाऊन ठेवलेलं होतं. चौथ्या चरणाच्या सगळ्या हरकती काढल्यात. टाळ घरात नाहीत, असते तरी एकटी वाजवणार कशी, म्हणून तिथं फक्त जागा सोडलीय. ऐकताना ती जागा मला विहिरीएवढी वाटते. प्रत्येक वेळी वाटतं, आता काहीतरी गायला हवं होतं. पहिल्या दोन कडव्यांत धीर धरलाय, तिसऱ्यात सुटलाच, एक बारीकशी मुरकी निसटलीय. असू दे. खाली काही लिहिलं नाही, ‘सांग’ एवढंही नाही. पाठवलं आणि मोबाइल उलटा ठेवला.

साडेअकरा वाजून गेले होते, पण गणपती तोंडावर आले की ही पोरं झोपतात कुठं. लगेच वाजला.

‘काकू मागं पंखा लय वाजतोय. कुकर पण हाय. पंखा असला की आवाज धड सुटत नाही. बंद करून परत म्हणा की. पट्टी कुठली?’

चालीबद्दल अक्षर नाही. त्या जागेबद्दल नाही, मुरकीबद्दल नाही. त्याच्या नव्या गाण्याचं तर नावच नाही, आणि मीही नाही काढलं. पण आवाज सुटायला हवा म्हणतोय, म्हणजे याच्या डोक्यात काय शिजतंय ते कळायला मला स्प्लीटर नको. अभंगाला बेस लावलास तर तंगडं मोडीन, असं लिहिलं आणि पाठवलं. त्यावर अंगठा आला.

पट्टीही कळवली, पांढरी पाच. पंखा बंद करून गायचं म्हणजे या दमट हवेत घामाच्या धारा, आणि कुकर आमचा नव्हताच, पलीकडच्या वहिनींचा होता. त्यांची डाळ साडेसातला लागते. म्हणजे उद्या त्याच्या आत गाऊन घ्यायला हवं.