यादीबाहेरचा खोकला

एक्स-रेची व्हॅन गावात आली की पहिल्या दिवशी कुणी तिच्याकडे फिरकत नाही आणि शेवटच्या दिवशी रांग हटत नाही. गावात तिचं नाव एकच, ‘फोटोची गाडी’. मी त्या गाडीत टेक्निशियन होते. श्वास घ्या, धरा, सोडा. बायकांना मंगळसूत्र दातात धरायला सांगायचं, कारण काढून ठेवायला त्या तयार नसतात आणि फोटोत मणी आलेले डॉक्टरांना चालत नाहीत.

सांगतेय तो दिवस जानेवारी 2021 मधला, मराठवाड्यातल्या एका गावातला. देशात क्षयरोग नेमका किती आहे हे मोजायचं राष्ट्रीय सर्वेक्षण चालू होतं. पैसा सरकारचा, सूत्रं चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेकडे. देशपातळीवर असं मोजमाप त्याआधी झालं होतं ते 1955 ते 58 या काळात. मध्ये काही राज्यांची, काही जिल्ह्यांची सर्वेक्षणं झाली, बाकी अंदाज. आम्ही 2019 ला सुरुवात केली, मग कोरोनाने गाड्या थांबवल्या, आणि पुन्हा निघालो तेव्हा प्रत्येक दारात पहिला प्रश्न ठरलेला: “नाकात काडी घालणार का?”

त्या दिवशी दुपारी ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून एक आबा चालत आले. पन्नाशी-साठीचे असतील, पण खोकल्याने पार वाकलेले. रांगेत उभे राहिले. त्यांच्याकडे कार्ड नव्हतं. आमच्या क्लस्टरची, म्हणजे सर्वेक्षणासाठी निवडलेल्या भागाची हद्द ओढ्यापाशी संपत होती. हद्दीतल्या घरांत आधी जाऊन पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाचं नाव लिहिलेलं, प्रत्येकाला नंबर दिलेला. एका क्लस्टरला साधारण 800 माणसं. नंबर नाही तर फोटो नाही.

“पोरी, गाडी सरकारची हाय ना? मग माझा फोटो काढायला तुझ्या बापाचं काय जातंय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचे वैद्यकीय अधिकारी खाली उतरले, आबांना खुर्ची दिली आणि समजावायला लागले. सगळ्या देशाची तपासणी करता येत नाही, म्हणून चिठ्ठी टाकल्यासारखी गावं निवडलीत. शितावरून भाताची परीक्षा, तसं.

आबांनी जरा विचार केला. “म्हंजे मी भातातला.”

रांगेतली माणसं हसली. डॉक्टरही हसले, पण मला नाही हसू आलं.

नियम मला पटतो, तेव्हाही पटत होता. शेजारच्या वस्तीवरचे खोकणारे आत घेतले आणि यादीतले धडधाकट बाहेर राहिले, तर आकडा फुगणार आणि त्या आकड्यावर उद्या औषधांचं, यंत्रांचं नियोजन होणार. म्हणून आमची निम्मी ताकद खर्च व्हायची ती ज्यांना काहीच होत नव्हतं अशांच्या मागे. आशाताई आणि आमचा एक मुलगा त्याच दुपारी एका ट्रॅक्टरवाल्याच्या विनवण्या करत होते. “मला काय धाड भरलीय?” म्हणून तो उसाच्या फडाकडे निघून गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला घरून उचलून आणला, अक्षरशः चहाच्या कपासकट. जो येत नाही त्याला ओढायचं आणि जो आलाय त्याला परत पाठवायचं, हे काम बाहेरच्याला वेडेपणाचंच वाटणार. फक्त एक वाटतं: अशा प्रकल्पांच्या खर्चात शेवटचा एक दिवस यादीबाहेरच्यांसाठी धरावा. आकड्यात धरू नका, पण तपासा. गाडी, मशीन, डिझेल सगळं तिथेच असतं.

डॉक्टरांनी आबांना प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी लिहून दिली. थुंकी तपासणी फुकट, औषधंही फुकट, हे दोनदा सांगितलं. आबा चिठ्ठी टोपीत खोचून गेले.

त्यानंतर तासाभरात ती आली. तिशीची, सासूबरोबर, भाकरी थापता थापता उठून आल्यासारखी घाईत. प्रश्नावलीत सगळं ‘नाही’. खोकला नाही, ताप नाही, वजन घटलं नाही, थुंकीत रक्त नाही. फोटो स्क्रीनवर आला आणि मी डॉक्टरांना हाक मारली. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात सावली होती.

थुंकी द्यायची म्हटल्यावर सासू भडकली. “खोकलाच नाही तर थुंकी आणायची कुठून?” मुद्दा बरोबर होता. खोल श्वास घेऊन छातीतून बेडका कसा काढायचा हे आशाताईंनी तिला गाडीमागे, मोकळ्या हवेत उभं राहून शिकवलं. लाळच येत होती. बऱ्याच वेळाने डबीत जेमतेम चालेल इतकं आलं. दुसरा नमुना घेतला. डब्या थंडपेटीतून प्रयोगशाळेत गेल्या आणि निकाल आला तेव्हा आम्ही पुढच्या गावात होतो. क्षयरोगच.

मार्च 2022 मध्ये अहवाल आला. पंधरा वर्षांवरच्या लाख माणसांमागे फुप्फुसाच्या क्षयाचे 316 रुग्ण. पण मी शोधत होते ती ओळ वेगळी होती: सापडलेल्यांपैकी 42.6 टक्के रुग्ण एक्स-रे नसता तर निसटले असते. आणखी एक आकडा होता. लक्षणं असलेल्यांपैकी जवळपास 64 टक्के लोक कुठल्याच डॉक्टरकडे गेलेले नव्हते.

ती दुसरी ओळ मला आधीच ऐकवली होती आशाताईंनी. निकालानंतर काही दिवसांनी त्यांचा फोन आला. सुनेची निक्षयवर, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नोंद झाली, गोळ्या सुरू झाल्या, आणि सासू विचारतेय ताट-वाटी वेगळी ठेवायची का. म्हटलं, ताट वेगळं नको, खिडकी उघडी ठेवा, खोकताना-शिंकताना तोंडावर पदर घ्यायला सांगा, आणि घरातल्या लेकरांची तपासणी करून घ्या. मग मी ओढ्यापलीकडच्या आबांचं विचारलं. केंद्रावर गेलेच नव्हते. जायचं तर दिवसाची मजुरी बुडते म्हणाले.

“सोमवारी मीच नेते त्यांना,” आशाताई म्हणाल्या. “यांच्या गाडीवर बसवून.”