तुम्ही विचारलंत म्हणून: एसीएलसाठी शीर कुठून काढायची?

गुडघ्यातला एसीएल, म्हणजे मांडीचं हाड नडगीला बांधून ठेवणारा आतला पट्टा, तुटला आणि ऑपरेशनची तारीख मिळाली की मुलींचे नाहीतर त्यांच्या आईचे फोन येतात, ताई, डॉक्टर म्हणतायत हॅमस्ट्रिंग की बीटीबी ते ठरवा, काय सांगू? तर तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. माझा एसीएल २०१६ला प्रॅक्टिसमध्ये गेला, मी डावा कोपरा खेळायचे, आता मुलींना शिकवते, त्यामुळे मी हे कबड्डीच्याच नजरेनं बघते.

माझा उलटा प्रश्न असतो, तू चढाई करतेस की पकड? कारण तुटलेल्या एसीएलच्या जागी बहुतेक वेळा आपल्याच अंगातलं दुसरं टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी शीर, काढून बसवतात आणि जिथून काढतात तिथली ताकद थोडी जातेच, मग ती कुठली गेलेली चालेल हे बघायला नको का?

बीटीबी म्हणजे वाटीखालच्या टेंडनचा मधला साधारण १० मिमी रुंद पट्टा, दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा ठेवून काढलेला. हाडाला हाड साधारण सहा आठवड्यांत धरतं, नुसत्या टेंडनला आठ ते बारा लागतात, म्हणून हा पक्का मानतात. पण पुढे गुडघा टेकला की दुखू शकतं. माझ्याकडची एक चढाईवाली पोरगी, बीटीबी केलेली, मॅटवर झकास पळते पण घरी फरशी पुसताना गुडघ्याखाली चादरीची घडी घेते. चढाईवालीला हे चालून जातं, पण कोपऱ्यातली घोटा धरायला झेपावते ती दर वेळी गुडघ्यावरच पडते, तिला मी आधी विचार कर म्हणते.

हॅमस्ट्रिंगचं बरोबर उलटं. मांडीच्या मागून एक किंवा दोन टेंडन काढतात, आणि कुणी घोटा धरला की पाय मागे खेचायला हाच स्नायू लागतो. मी कोपऱ्यात खेळायचे म्हणून हा घेतला आणि मला पटलेला आहे. फक्त नडगीच्या वर तळहाताएवढी जागा बधिर झाली ती अजून तशीच आहे, हे होऊ शकतं असं मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून मी सगळ्यांना सांगते.

हल्ली पेरोनियस पण बरेच डॉक्टर सुचवतात, घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं टेंडन. गुडघ्याभोवतीचं काहीच जात नाही हे खरं, पण आपल्या खेळात सगळे घोट्यालाच धरतात, म्हणून माझं मन घेत नाही. वाटीच्या वरचं क्वाड्रिसेप्स चांगलं जाड मिळतं, तुमच्या सर्जनचा हात त्यावर बसलेला असेल तर जरूर विचारा. मृत दात्याचं टेंडन मात्र विशीच्या आतल्या खेळाडूनं टाळावं, कोवळ्या वयात ते तुटायचं प्रमाण जास्त आहे.

आणि बारीक अंगाच्या मुलींनी एक विचारूनच यायचं, हॅमस्ट्रिंग ८ मिमीपेक्षा बारीक भरली तर काय करणार? बारीक ग्राफ्ट, म्हणजे नवीन बसवलेलं टेंडन, लवकर तुटतो. माझी साडेसात भरली, ती एक घडी जास्त घालून आठच्या वर नेली, आणि हे डॉक्टरांनी आदल्या दिवशीच कागदावर काढून दाखवलेलं.

मॅटवर कधी येऊ म्हणाल तर कुठलाही ग्राफ्ट असो, नऊ महिन्यांच्या आत मी कुणालाच घेत नाही, स्पर्धा असली तरी.