मागच्या सीटवरून झालेली टेस्ट राइड

वापरलेल्या मोठ्या बाईक कुणी विकत घ्यायच्या आधी तपासून द्यायच्या, हे माझं काम. त्यात स्पोर्ट टूरर, म्हणजे लांबच्या प्रवासासाठी बनवलेली दमदार बाईक, आली की मला जरा बरं वाटतं. निव्वळ स्पोर्ट बाईक असली की ती कुठे आपटलीय हे शोधण्यातच निम्मा वेळ जातो, टूररवर बहुतेकदा कुणीतरी शांतपणे लांब लांब फिरलेलं असतं.

त्या दिवशी आली ती यामाहाची एफजेआर 1300, दुसऱ्या पिढीतली म्हणजे 2006 पासूनची. घेणारे नवरा-बायको दोघं आलेले आणि मालक गाडी घेऊन. मीटरवर 80,000 किलोमीटरच्या वर आकडा बघून नवरा आधीच अर्धा खचला होता. त्याला म्हटलं आकडा बाजूला ठेव. 1298 सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन, 134 न्यूटन मीटर टॉर्क, हायवेला शंभरच्या स्पीडला कमी आरपीएमवर आरामात फिरणार, त्याला दमायला वेळच कुठे मिळतो. उलट दहा वर्षं उभी राहून 12,000 चाललेली गाडी आली की मी जास्त सावध होतो, तिथे सील कडक झालेले, टाकीत गंज, टायरला खाचा भरपूर पण रबर पार सुकून दगड.

मग नेहमीचं सुरू केलं. इंजिनला हात लावून बघितला, थंड होतं (आधीच तापवून ठेवलेली गाडी मी तपासतच नाही, थांबायला लावतो), स्टार्ट एका दमात, इंजिनातल्या टायमिंग चेनचा आवाज नाही. शाफ्ट ड्राइव्ह आहे, मागचं चाक दांड्याने फिरतं, म्हणजे चेन स्प्रॉकेटची कटकट नाही, पण शाफ्टला काही करावंच लागत नाही अशी एक समजूत लोकांच्या डोक्यात पक्की बसलीय. मागच्या गिअर केसमधलं ऑइल काढलं, जेमतेम 200 मिली असतं, आणि तेवढ्यावरून बरंच कळतं. बारीक राखाडी लगदा चालतो, बोटाला टोचणारे चमचमीत कण आले तर विषय संपला. इथे स्वच्छ निघालं. मागचा टायर मधोमध चपटा झालेला, म्हणजे सरळ हायवे खूप झालाय. त्यामुळे कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, लगेच बघितला, सरळ चालून चालून त्यात मधोमध खाच पडते, पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवलं, मधोमध अडकत नव्हतं. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीची, तपासणी ह्या इंजिनाला 42,000 किलोमीटरला येते, मालकाकडे त्या कामाचा कागद होता, ती फट जुळवणाऱ्या शिम चकत्यांचे आकडेसुद्धा लिहिलेले. असे कागद जपून ठेवणारा माणूस दिसला की माझं अर्धं मत तिथेच होतं, खोटं कशाला बोलू.

मी एक चक्कर मारून आलो. ब्रेक मस्त, ह्या मॉडेलला मागचा पॅडल दाबला की पुढच्या कॅलिपरच्या काही पिस्टनलाही प्रेशर जातं त्यामुळे गाडी नाक न खुपसता बसते. काच बटणावर वरखाली होत होती. टाकी भरल्यावर 290 किलोच्या आसपास वजन, पण चालू लागली की ते कुठे जातं कळत नाही. मी खूष.

तेवढ्यात बायको म्हणाली, "दादा, ह्यांचं झालं, तुमचं झालं. आता मला मागे बसवून फिरवा, पूर्ण दिवस मागे मीच बसणारे ना?" अगदी बरोबर होतं तिचं. दोन्ही बाजूचे डबे भरले, टॉप बॉक्समध्येही सामान टाकलं, मालकाची परवानगी घेतली, शॉकअपचा लिव्हर हार्डवर केला आणि निघालो.

परत आल्यावर हेल्मेट काढायच्या आधीच ती बोलायला लागली. सीट चांगली, पाय फार दुमडत नाहीत, काच वर केली की तुमचं डोकं वाचतं आणि वारा माझ्या डोक्यावर येतो, खाली केली की उलट. आणि मग सहज म्हणाली की लांब वळणात मधे खड्डा आला की मागचा भाग एकदा बसतो आणि मग परत थोडा बाजूला सरकल्यासारखा वाटतो, "दोनदा होतं ते, पुढे कळत नसेल कदाचित."

पुढे खरंच नव्हतं कळत. मी एकटा बसलो होतो तेव्हा मागच्या लिंकेजवर, म्हणजे शॉकअपला चाकाशी जोडणाऱ्या सांध्यांवर, पुरेसा लोड नव्हता ना. गाडी डबल स्टँडवर घेतली, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून सरळ वर उचललं, आणि एक बारीक टक. चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा स्विंगआर्म, आडवा हलवून बघितला, तिथे काही नाही. म्हणजे शॉकअपच्या खालच्या रिले आर्मचे, लिंकेजमधल्या त्या छोट्या दांड्याचे, नीडल बेअरिंग, ज्यात गोळ्यांऐवजी बारीक सुया असतात. हा भाग चाकाच्या पुढे अगदी खाली असतो, पाणी चिखल सगळं तिथेच, आणि ग्रीस भरायचं तर लिंकेज खोलावं लागतं म्हणून साध्या सर्व्हिसमध्ये कुणी हात लावत नाही. मालकाच्या जाड फाईलमध्येही ह्या कामाची एक ओळ नव्हती.

त्याच्याच समोर, त्याला विचारून बोल्ट काढला. आत सुकलेली गंजाची पावडर, सुया एका बाजूने चपट्या. मालकाने वाद घातला नाही, बेअरिंग सील आणि मजुरी त्याने किमतीतून वजा केली. नवऱ्याचा चेहरा पडला होता, त्याला सांगितलं की शॉकअप गळत नाहीये, फ्रेम सरळ आहे, इंजिन आणि शाफ्ट दोन्ही ठणठणीत आहेत, हे एक दिवसाचं काम आहे. स्वस्तातला नवा शॉकअप टाकून हा आवाज कुणी दाबायला बघितला असता तर मात्र पैसे वाया गेले असते, कारण बेअरिंग तसेच राहिले असते.

नवे बेअरिंग बसवून, ग्रीस भरून, मी त्या दोघांना सामानासकट परत गाडीवर बसवलं आणि मागचा सॅग, म्हणजे वजनाने मागचा भाग किती खाली बसतो ते, मोजला. हार्डवर एकूण ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांश आला, म्हणजे स्प्रिंगही अजून ढिली पडलेली नाही. काचेचं काय करायचं ते तिने आधीच ठरवलं होतं, थोडी उंच आणि वर वळलेली काच लावायची, आणि पहिल्या लांब राइडला ती काच येईपर्यंत जायचं नाही. नवरा हो म्हणाला.