‘मजेत आहे’ म्हणणारी मुलं

दर बुधवारी संध्याकाळी सहाला आमच्याकडे जेवण असतं. मोठ्या पातेल्यात डाळीचं नाहीतर टोमॅटोचं सूप, सोबत पाव, फळं, आणि हाताशी वेळ असला तर मुगाची खिचडी. विद्यापीठाला लागून, रस्त्याच्या पलीकडे एक जुनं दुमजली घर आहे. चर्चनं ते विद्यार्थ्यांसाठी ठेवलंय आणि गेली नऊ वर्षं त्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. इलिनॉय राज्यातलं हे गाव म्हणजे विद्यापीठ, आणि विद्यापीठ संपलं की चहूकडे मका आणि सोयाबीन. द्राक्षाच्या मांडवांची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना ही सपाट शेतं अजूनही उघडी-उघडी वाटतात.

माझ्या कामाला इथे ‘कॅम्पस मिनिस्टर’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर विद्यापीठातल्या मुलांची पाळक. रविवारी उपासना घेते, कुणी आजारी असेल तर दवाखान्यात जाते, आणि उरलेले दिवस मुलं बोलतील ते ऐकते. सरकारी विद्यापीठ असल्यामुळे पगार तिथून येत नाही. चर्चच्या मंडळ्या आणि देणगीदार मिळून खर्च उचलतात. सुट्टीत नाशिकला आले की एक प्रश्न हमखास येतो, ‘मग तुम्ही त्या मुलांना ख्रिस्ती करता का?’ विचारलेलं मला आवडतं, कारण मनात ठेवून अंतर राखण्यापेक्षा ते बरं. बुधवारी येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलं ख्रिस्ती नसतात. गणपतीत आमच्याच स्वयंपाकघरात मोदक वळले जातात. जेवणाआधी मी दोन ओळींची प्रार्थना करते, ज्याला डोळे मिटायचे तो मिटतो, मग सगळे वाढून घेतात. माझी श्रद्धा मी लपवत नाही आणि कुणाच्या भुकेच्या बदल्यात ती विकतही नाही.

आज ज्या मुलाबद्दल लिहिणार आहे त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. तो निफाड तालुक्यातला. वडिलांची द्राक्षबाग. एमएस करायला आला तेव्हा बँकेचं कर्ज, आणि त्यावर मामानं दिलेले पैसे. फेब्रुवारीत, ईस्टरआधीचा आमचा उपवासकाळ सुरू झाला त्या बुधवारी तो पहिल्यांदा आला. सूप तीनदा घेतलं. पाव मात्र प्रत्येक वेळी सुपात बुडवून मऊ करायचा आणि तोंडाच्या एकाच बाजूनं चावायचा. निघताना त्यानं टोपलीतली दोन केळी उचलली, माझ्याकडे बघितलं आणि एक परत ठेवलं.

ते परत ठेवलेलं केळं मला रात्रभर झोपू देईना.

पुढच्या बुधवारी मी त्याला भांडी घासायच्या निमित्तानं थांबवून घेतलं. सिंकपाशी उभं राहून माणूस जे बोलतो ते टेबलाशी बसून बोलत नाही, हा माझा नऊ वर्षांचा अनुभव. हळूहळू कळलं. दाढ महिनाभर ठणकत होती. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या आयबुप्रोफेनच्या सात-आठ गोळ्या तो दिवसाला घेत होता, त्याही बहुतेक रिकाम्या पोटी, म्हणून पोटात जळजळ. जेवण एकदाच, ग्रंथालयातल्या कामाची पाळी संपल्यावर, मॅगी नाहीतर भात. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि तेही विद्यापीठातच. त्या पैशांत घरभाडं निघतं, पोट निघत नाही. डॉक्टरकडे का गेला नाहीस विचारलं तर म्हणाला, ‘ताई, बिल बघून वडिलांना झटका येईल.’

घरी काय सांगतोस? ‘मजेत आहे म्हणतो.’

इथे थोडं थांबून आरोग्याबद्दल लिहिते, कारण ज्यांची मुलं यंदा निघणार आहेत त्यांना याचा उपयोग आहे. आपल्याकडे १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते आणि ती फुकट असते. इथे ९११ ला फोन केल्यावर गाडी तितकीच तत्परतेनं येते, पण नंतर बिलही येतं. विद्यापीठाचा आरोग्य विमा बहुतेक मुलांना घ्यावाच लागतो. त्यात दात आणि डोळे सहसा धरलेले नसतात, त्यासाठी वेगळे पैसे भरायचे असतात. म्हणून निघण्यापूर्वी नाशकातच दात दाखवून घ्या, चष्म्याचे दोन जोड द्या. विम्यातला ‘डिडक्टिबल’ हा शब्द समजून घ्या: वर्षात तेवढी रक्कम आधी आपण भरायची, मग विमा भरायला लागतो. ताप-खोकल्यासाठी थेट मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जायचं नाही. आधी विद्यापीठाचा दवाखाना, तो बंद असेल तर ‘अर्जंट केअर’, म्हणजे वेळ न ठरवता जाता येणारा दवाखाना. आणि बऱ्याच शहरांत सामुदायिक आरोग्य केंद्रं असतात, तिथे उत्पन्न बघून फी ठरते. हे पुष्कळ मुलांना वर्ष-वर्ष ठाऊक नसतं. त्या मुलाला मी अशाच केंद्रात घेऊन गेले. दाढेत पू झाला होता. आठवडाभर अँटिबायोटिक आणि मग दाढ काढली. फी भरली त्यानंच, तीन हप्त्यांत. माझे पैसे घ्यायला तो तयार झाला नाही.

अन्नाचंही तसंच. श्रीमंत देशातल्या विद्यापीठात मुलं उपाशी राहतात हे मला पहिल्या वर्षी खरं वाटलं नव्हतं. आज इथल्या कितीतरी विद्यापीठांत ‘फूड पँट्री’ असते: ओळखपत्र दाखवायचं आणि तांदूळ, कडधान्यं, दूध, अंडी घेऊन जायचं. आपली मुलं तिथे जायला लाजतात. मला त्यांची लाज कळते, मी त्याच मातीतली आहे. तरीही मी प्रत्येकाला हात धरून नेते आणि माझीही पिशवी भरून घेते, पुढच्या बुधवारच्या सुपासाठी.

मनाचं दुखणं याहून अवघड, कारण त्याचा गाल सुजत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात आणि डिसेंबरात दुपारी साडेचारला सूर्य मावळतो. ज्या पोरानं आयुष्यभर नाशिकचं ऊन अंगावर घेतलं, त्याला सलग दहा दिवस सूर्य दिसला नाही की काय होतं ते मी बघितलंय. झोप वाढते, आंघोळ सुटते, फोन उचलणं बंद होतं. डॉक्टर अशांना रोज सकाळी अर्धा तास १० हजार लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) प्रखर दिव्यासमोर बसायला सांगतात. तसला एक दिवा आमच्या जिन्याजवळ कायम असतो आणि हिवाळ्यात त्यासमोरची खुर्ची क्वचितच रिकामी दिसते. अमेरिकेचे त्या वेळचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी मे २०२३ मध्ये एकटेपणाबद्दल देशाला सावधगिरीचा इशारा दिला होता. माणसांपासून तुटल्यानं आयुष्यावर होणारा परिणाम दिवसाला १५ सिगारेटी ओढण्याइतका असू शकतो, असं त्यात म्हटलं होतं. मूर्ती मूळचे कर्नाटकातल्या कुटुंबातले. माणसांनी भरलेलं घर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असणार, असं मला ते वाचताना वाटत राहिलं.

जीव नकोसा झालेल्यासाठी इथे २०२२ पासून ९८८ हा तीन आकडी नंबर आहे. आपल्याकडेही त्याच वर्षी टेलिमानस ही मनाच्या आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन सुरू झाली, १४४१६. मराठीत बोलता येतं. नाशिकच्या कॉलेज रोडवर क्लासला जाणारी भाची मला म्हणाली की हा नंबर तिनं कधी ऐकलाच नव्हता. कृपा करून तो घरातल्या मुलांच्या फोनमध्ये टाका, अमेरिकेला जाणाऱ्यांच्याच असं नाही. त्या क्लासेसच्या जिन्यांवर बसलेली मुलं मी जूनमध्ये बघितली आणि त्यांचे चेहरे मला फार ओळखीचे वाटले.

आता शरणपूरबद्दल. मी वाढले ती नाशिकच्या शरणपूर रोडच्या एका गल्लीत, आणि लहानपणी हे फक्त पत्त्यातलं नाव होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर विल्यम प्राइस या मिशनऱ्यानं तिथे ख्रिस्ती वस्ती उभी केली. अरबी समुद्रात इंग्रजी जहाजांनी गुलामांच्या नावा पकडल्या की त्यांतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना मुंबईत उतरवत. त्यातली बरीच मुलं या आपल्या शरणपुरात आली. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. आफ्रिका धुंडाळणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये तिथेच वारले. त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता, आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. पुढे प्राइस आणि शरणपूरची पुष्कळ माणसं केनियातल्या मोम्बासाजवळ फ्रीअर टाउन ही सुटलेल्या गुलामांची वस्ती वसवायला गेली.

हे मी वाचलं होतं. पण कळलं ते दोन वर्षांपूर्वी. मोम्बासाची एक मुलगी बुधवारी यायची. मी नाशिकची म्हटल्यावर तिनं सुपाचा चमचा खाली ठेवला. तिचं घर फ्रीअर टाउनला, गुलामांच्या व्यापाऱ्यांची चाहूल लागली की वाजवायची ती जुनी घंटा जिथे आहे, त्याच्या जवळच. शाळेत तिनं ‘बॉम्बे आफ्रिकन्स’बद्दल, म्हणजे इथून परत गेलेल्या त्या आफ्रिकी माणसांबद्दल, धडा शिकला होता आणि त्यात नाशिकचं नाव होतं. घरापासून तोडलेल्या पोरांना आपल्या गावानं एकेकाळी आसरा दिला, याची आठवण समुद्रापलीकडे एका वर्गात अजून ठेवलेली आहे. त्या रात्री मी आईला फोन करून हे सांगताना रडले.

सगळंच असं उजळ नाही. इथे आल्यावर आपण काय-काय सोबत आणतो तेही मला दिसतं. खोली शोधणाऱ्या आपल्या मुलांच्या ग्रुपवर ‘फक्त शाकाहारी’ असं लिहिलेलं असतं. त्यामागचा प्रश्न कधी-कधी आहाराचा असतो, आणि कधी-कधी पहिल्याच भेटीत आडनाव विचारलं जातं. नाशिक रोडची एक मुलगी तीन महिन्यांत दोन घरं बदलून माझ्याकडे आली, कारण तिची भांडी वेगळी ठेवायला सांगितली होती. तिच्या पणजोबांच्या पिढीनं २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांच्या मागे काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह केला. त्या गावची मुलगी दहा हजार किलोमीटरच्या पलीकडे येऊन पुन्हा दारातच उभी. ब्रँडाइस विद्यापीठानं २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनं २०२२ मध्ये भेदभावविरोधी नियमांत ‘जात’ हा शब्द घातला, तेव्हा काही मराठी घरांत मी नाराजी ऐकली. मी तिथे गप्प बसले नाही, आणि त्यामुळे दोन घरी माझं जाणं-येणं थांबलं. ख्रिस्ती समाजातही जात शिल्लक आहे हे मी शरणपूर रोडवर वाढल्यामुळे जाणते, म्हणून हे कुणा एका धर्माकडे बोट दाखवून लिहीत नाही.

दर आठवड्याला नाशिककडून एखादा फोन येतो. ‘मॅडम, पोरगं नीट बोलत नाही, जरा मार्क बघून सांगा ना.’ ते मला शक्य नसतं. इथल्या १९७४ च्या कायद्यानं विद्यापीठात शिकणाऱ्याचे गुण हे त्याचे स्वतःचे असतात, त्याच्या परवानगीशिवाय विद्यापीठ ते सहसा कुणालाही सांगत नाही. मला सांगितलेलं तर मी बाहेर बोलतच नाही. आईबापांना याचा राग येतो, आणि मीही आई आहे म्हणून तो मला समजतो. पण फोनवर अर्धा तास बोलून अभ्यास, नोकरी, कर्जाचा हप्ता आणि चुलत्याच्या मुलीचं लग्न एवढंच झालं, तर मुलगा तरी कुठे शिरणार? ‘काय जेवलास’ विचारा. ‘कुणाबरोबर जेवलास’ हेही विचारा. आणि तुमचं काय चाललंय ते त्याला खरं-खरं सांगा.

हे शेवटचं मी त्या निफाडच्या मुलाकडून शिकले. दाढ काढली त्याच आठवड्यात त्याला गावच्या मित्रांच्या ग्रुपवर व्हिडिओ दिसला: गारपीट, आणि मांडवाखाली फुटलेल्या मण्यांचा सडा. मागे त्याच्या चुलत्यांची विहीर दिसत होती, म्हणजे बाग त्यांचीच. तीन दिवस तो वाट बघत होता. वडील रोजच्यासारखे फोन करत आणि म्हणत, ‘बाग झकास आहे, तू अभ्यासात लक्ष दे.’

तो माझ्याकडे आला तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते, निफाडला सकाळचे सात. म्हणाला, ताई, तुम्ही इथेच बसा. त्यानं व्हिडिओ कॉल लावला. एरवी मागे पुस्तकांचं कपाट येईल असा फोन धरायचा. आज धरला तो थेट तोंडासमोर, सुजलेला गाल दिसेल असा. ‘बाबा, बाग दाखवा,’ म्हणाला. पलीकडे बराच वेळ फक्त चिमण्यांचा आवाज. मग वडिलांनी काही न बोलता कॅमेरा फिरवला. तारांवरून लोंबणारी फाटकी पानं, खाली काळपट चिखल, एका घमेल्यात गोळा केलेले मणी. कुणीच बोलेना. मी उठून जायला लागले तर त्यानं हातानं थांबवलं.

शेवटी वडिलांनी कॅमेरा परत स्वतःकडे वळवला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, ‘दाढ कुठली काढली रे? डावी का उजवी?’