जुनी पिकअप सकाळी सुरू होईना तेव्हा

आमची पिकअप जुनी, डिझेलची, साध्या मेकॅनिकल पंपाची. दुपारी चावी फिरवली की लगेच सुरू व्हायची. सकाळी मात्र बॅटरी रडकुंडीला येईपर्यंत सेल्फ मारावा लागायचा, मग कुठे ती खडखडत, पांढरा धूर ओकत उठायची. ज्याला विचारावं त्याचं निदान वेगळं. कुणी म्हणे नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी तोंडं) गेले, कुणी म्हणे कॉम्प्रेशन (इंजिनाची हवा दाबायची ताकद) संपलं, आता इंजिन खोलाच. खोलण्याआधी घरच्या पान्यांनी जेवढं तपासता येईल तेवढं तपासायचं ठरवलं. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

बॅटरीचं काम लवकर आटोपलं. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना दहाच्या खाली नाही. टर्मिनलवर साचलेली पांढरी भुकटी गरम पाण्याने धुतली, नट आवळले. इंजिन मुळातच जोरात फिरत होतं, त्यामुळे तिकडे शंका उरली नाही.

खरी माहिती दिली ती धुराने. मुलाला सेल्फ मारायला बसवलं आणि मी सायलेन्सरच्या तोंडाशी उभा राहिलो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा वीसेक पट दाबली जाते, त्या दाबाने पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि तिच्यात डिझेल पेटतं. म्हणजे सेल्फ मारताना धूरच आला नाही तर डिझेल पोचत नाहीये, आणि पांढरा आला तर पोचतंय पण पेटत नाहीये. आमच्याकडे आधी बराच वेळ काहीच नाही, नंतर पांढरा लोट. दुखणी दोन होती, म्हणून तर प्रत्येकाचं निदान थोडं थोडं बरोबर वाटत होतं.

पांढरा धूर पाण्याचाही असतो, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलं की. पण तो इंजिन तापल्यावरही येत राहतो आणि रेडिएटरचं पाणी घटतं. इथे दोन्ही नव्हतं आणि धुराला कच्च्या डिझेलचा वास होता. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडून पाहिलं, तिथूनही जोराची वाफ नाही, म्हणजे दाब खाली गळत नव्हता. कॉम्प्रेशनचा मुद्दा मी तिथेच बाजूला ठेवला.

मग हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना आतली हवा तापवणारे प्लग. त्यांना जोडणारी पट्टी काढली, टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी एकेका प्लगच्या टोकाला. एकावर दिवा लागलाच नाही. मल्टिमीटरवर बाकीचे एक ओहमच्या आसपास, हा पूर्ण तुटलेला. जुना प्लग जोर लावून फिरवला तर हेडमध्येच मोडतो आणि मग खरंच इंजिन खोलावं लागतं. म्हणून इंजिन गरम करून, गंज सुटायचं तेल सोडून, थोडं पुढे थोडं मागे असं करत काढला. नवा बसवल्यावर सकाळचा धूर आणि खडखड दोन्ही कमी झाले. तो आधीचा कोरडा सेल्फ मात्र तसाच.

आता संशय एअरवर. टाकी खाली, पंप वर. मधली पाइप डिझेल ओढून घेते. त्यामुळे तिला बारीक चीर असली तर डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत शिरते. ओलं कुठे दिसतंय ते शोधत बसण्यात अर्थच नसतो. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी पंप हवाच ओढत बसतो. सकाळी सेल्फ मारण्याआधी हाताने डिझेल भरायचा छोटा हातपंप दाबून पाहिला: बराच वेळ पोकळ, मग कडक. कडक झाल्यावर गाडी पटकन उठली!

टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. इंजिन चालू केलं की त्यातून बुडबुडे जाताना स्पष्ट दिसत. म्हणजे गडबड टाकीच्या बाजूला. फिल्टरचे तांब्याचे वॉशरही बदलून टाकावेत म्हणून हात शिवशिवत होते, पण आवरलं. टाकीजवळ रबरी नळी लोखंडी पाइपवर चढते तिथे क्लिप घट्ट होती, क्लिपखालचं रबर मात्र वाळून तडकलेलं. डिझेलला टिकणारी नवी नळी आणि नवी क्लिप बसवली.

नंतर एअर काढली. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, फेस थांबून सलग डिझेल येईपर्यंत हातपंप मारला आणि धार चालू असतानाच स्क्रू आवळला. आमच्या इंजिनाला तेवढं पुरलं. नोझलचे नट सैल करून एअर काढायची रीत फक्त अशा जुन्या इंजिनांची. कॉमन रेल गाडीत, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या गाडीत, नोझलच्या पाइपांत दाब हजार बारच्या वर जातो, धार कातडीखाली घुसते; तिथे पाना लावूच नये. हवेच्या तोंडात स्टार्टिंग स्प्रे मारायचा सल्लाही मिळाला होता. हीटर प्लग लाल झालेले असताना तो तिथेच भडकू शकतो, म्हणून मी त्या बाटलीला हातच लावला नाही.

सकाळी आता हीटरचा दिवा विझला की पहिल्याच सेल्फला गाडी उठते. चढावर काळा धूर मात्र अजून सोडते. एअर फिल्टर स्वच्छ निघाला, त्यामुळे नोझल काढून टेस्टिंगला दिलेत. त्यांचा दाब मोजायचं यंत्र घरी नाही.