अरणगावचे बाबा आणि रॉकमधलं व्हायोलिन

आमच्या नगरहून दौंड रोडला लागलं की थोड्याच वेळात अरणगाव येतं आणि तिथेच मेहेराबाद, मेहेरबाबांची समाधी. लहानपणापासून बसच्या खिडकीतून पाहिलेली जागा, ३१ जानेवारीला अमरतिथीला, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीला, तिथे जगभरची माणसं येतात एवढं माहीत होतं, बाकी काही नाही. मग कॉलेजात हॉस्टेलवर रूममेटने 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचं 'बाबा ओरायली' हे गाणं लावलं आणि म्हणाला, अरे यातले बाबा तुमच्या नगरचे! खोटं वाटलं होतं मला. पण खरंच, गाणं लिहिणारा, बँडचा गिटारिस्ट पीट टाउनशेंड मेहेरबाबांचा भक्त, आणि नावातला दुसरा अर्धा भाग टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराचा.

पण मला धरून ठेवलं ते शेवटच्या दीडेक मिनिटाने. आधी तो ऑर्गनचा गोल गोल फिरणारा तुकडा, मग ड्रम्स, गिटार, सगळं दणकून चाललेलं, आणि एकदम शब्द थांबतात आणि व्हायोलिन येतं. जत्रेत कोणी नाचायला लागावं तसं. लय वाढत जाते, वाढत जाते आणि गाणं संपतं. वाजवणारा डेव्ह आर्बस, 'ईस्ट ऑफ ईडन' बँडमधला, आणि इथे व्हायोलिन घ्यायची कल्पना ड्रमर कीथ मूनची! १९७१ ची गोष्ट. सगळ्यात जास्त आवाज करणाऱ्या माणसाला सगळ्यात नाजूक वाद्य सुचावं याचं मला अजून नवल वाटतं.

कारण खरी अडचण आवाजाचीच ना. ड्रम्स सुरू झाले की साधं व्हायोलिन कुठे ऐकू येणार. पॅरिसमध्ये १९३४ साली व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली आणि गिटारवादक जँगो राइनहार्टने जो जॅझ ग्रुप काढला त्यात ड्रम्सच नव्हते, नुसती तारांची वाद्यं, एक व्हायोलिन, तीन गिटार, एक बेस, म्हणून तिथे ग्रापेलीचा गज मोकळा फिरतो. तिकडे न्यूयॉर्कमध्ये स्टफ स्मिथ या जॅझ व्हायोलिनवादकाने त्याच दशकात व्हायोलिनला सरळ अँप्लिफायर जोडला आणि दणक्यात वाजवलं. मला दोघंही आवडतात पण रॉकला वाट मिळाली ती स्मिथच्या बाजूनेच असं माझं मत.

आणि ब्लूजसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या दुःखाच्या गाण्यांसाठी, तर हे वाद्य जन्मजात तयार आहे. पडदे नाहीत, म्हणजे दोन सुरांच्या मधे हवं तिथे थांबता येतं, आपण ज्याला मींड म्हणतो तेच. शुगरकेन हॅरिस ऐका, अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झापाच्या १९६९ च्या 'हॉट रॅट्स' या अल्बममध्ये आहे तो, इलेक्ट्रिक व्हायोलिन असं कण्हतं की घसा बसलेला माणूस गातोय वाटतं. प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना हे परकं वाटायचं कारणच नाही, तिथे भावगीत गातं, इथे आक्रोश.

'द हू' स्टेजवर हे गाणं करायचे तेव्हा व्हायोलिनच्या जागी बँडचा गायक रॉजर डाल्ट्री माउथऑर्गन वाजवायचा. तेही जोरदार आहे, पण मला रेकॉर्डवरचंच हवं असतं. परवा दौंडला जाताना मेहेराबादचा फाटा यायच्या बेतात मुद्दाम लावलं, व्हायोलिन सुरू झालं तेव्हा गाडी बरोबर रेल्वे रुळाच्या बाजूने चालली होती.